सगळ्यांना हो म्हणणारा इंद्रभान

इंद्रभान गेला तो माघातल्या एका सकाळी, चहाची बशी ओठाला लावता लावता. बशी त्यानं सांडली नाही. नीट खाली ठेवली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. केशरबाईला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, बशी उचलली, धुऊन पालथी घातली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की बशी धुतल्याचा आवाज होऊनही हा माणूस 'अजून घोटभर हाय का' म्हणाला नाही.

जन्मभर कुणाला तोशीस न देणारा माणूस गेलाही तसाच, असं वस्तीतले लोक म्हणाले. त्यांना काय माहीत! सकाळी गेलेला इंद्रभान दिवस डोक्यावर आला तरी अंगणात पांढऱ्या चादरीखाली पडून होता, आणि त्याचं कारण काही किन्हीराजाहून यायची असलेली लेक बेबीताई एवढंच नव्हतं. त्याला पुरायचं की जाळायचं, हेच घरात ठरत नव्हतं. आणि या सगळ्या घोळाला जबाबदार होता तो स्वतः.

रिठदच्या पंचक्रोशीत इंद्रभानला ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण तो जवळजवळ प्रत्येक घराच्या छपरावर चढलेला होता. कवेलू फेरणं, म्हणजे छपराची कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, हा त्याचा धंदा. उन्हाळा उतरणीला लागला की सगळ्यांना एकाच वेळी आपलं छप्पर आठवतं. पाटील बोलावणार, सोजरबाई विधवा बोलावणार, मारवाडी बोलावणार, आणि इंद्रभान प्रत्येकाला म्हणणार, "हो, उद्या येतो." उद्या तो खरंच यायचा. पाटलाकडं जाऊन एक ओळ कवेलू उतरवून ठेवायचा, की पाटील निश्चिंत. तिथून सोजरबाईकडं, तिथंही एक ओळ. मग मारवाड्याकडं. अर्ध्या गावाची घरं आभाळाला उघडी आणि हा वानरासारखा या छपरावरून त्या छपरावर पळतोय. लोक शिव्या घालायचे. पण आभाळ भरून यायच्या आत शेवटचं कवेलू जागेवर बसलेलं असायचं. कुणाचं घर कधी गळलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्या घरांच्या माथ्यावर तो दिवस दिवस चालला, त्या घरांत खाली चुलीजवळ त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. वरून चालतो तेव्हा विटाळ नाही आणि खालून चालला की विटाळ! पाणी द्यायचं तर तेही वरून, ओंजळीत. छप्पन साली जानराव, त्याचा मुलगा, नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं वस्तीला सांगितलं, आजपासून गावकीची कामं बंद, ओंजळीनं पाणी पिणं बंद. इंद्रभान हो म्हणाला. पाटलानं बोलावून विचारलं, "काय रे, आता आमची कवेलू कोण फेरीन?" इंद्रभान तिथंही हो म्हणाला, फक्त जाताना स्वतःचा तांब्या घेऊन जाऊ लागला. जानरावचंही राहिलं, पाटलाचं छप्परही राहिलं. असा हा माणूस.

घरात तर विचारूच नका. बहीण रंगूबाई विधवा झाली, तिला तो घरी घेऊन आला आणि मरेपर्यंत पोसलं. केशरबाई लांबल्या तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा यानं भाकरी थापल्या, तिची लुगडी नाल्यावर नेऊन धुतली. बाप्ये दात काढून हसायचे. जानरावला वाशीमच्या बोर्डिंगात ठेवलं तर दर आठवड्याला भाकरीचं गठुडं डोक्यावर घेऊन पायी जायचा. साठ वर्षांच्या संसारात त्यानं केशरबाईवर कधी आवाज चढवला नाही.

एकदाच चढवला होता. त्या एकदाचं पुढं येईल.

आता सकाळपासून अंगणात चाललं होतं ते असं. जानराव म्हणत होता, अग्नी द्यायचा. वस्तीसाठी स्मशानाची जागा मिळावी म्हणून त्यानं तहसीलचे उंबरठे झिजवले होते. तलावापलीकडं आता चांगला ओटा होता. "आपल्या बापजाद्यांले सरणाले लाकूड कोणी देलं नाई, माय. सापडन तिथी खड्डा करून लोटून देत. आता आपलं स्मशान हाय. बाबा मले हो म्हणाले होते. लाकडं बी त्यायनंच फोडून ठेवली."

लाकडं खरोखरच परसात रचलेली होती. चांगली वाळलेली बाभूळ. केशरबाईनं विचारलं होतं तेव्हा इंद्रभाननं तिला सांगितलं होतं, "बेबीच्या पोराच्या लग्नाले चुलवणात लागतीन." बेबीताईचा पोरगा अजून चड्डीत होता.

आणि केशरबाई म्हणत होती, पुरायचं. कुठं पुरायचं तेही ठरलेलं होतं.

चंपा. त्यांची पहिली लेक. जानराव, बेबीताई यांच्या कितीतरी आधीची. दुडुदुडु चालायला लागली होती आणि गोवरानं गेली. इंद्रभाननंच तिला हातावर नेलं आणि नाल्याच्या काठी, वस्तीच्या जुन्या मसणवटीत पळसाखाली ठेवून वर एक काळा चपटा दगड ठेवला. केशरबाई तेव्हा स्वतःच पोरसवदा होती. मोठी माणसं रडली, विसरली. ती विसरली नाही. तिच्या मनानं एकच घेतलं होतं, की लेकरू एकटं आहे. कुशीत घेतल्याशिवाय न झोपणारं लेकरू तिथं एकटं निजलंय. पुढं जानराव झाल्यावर एके दिवशी इंद्रभान म्हणाला, "जानरावच्या माय, आयक. मी मेलो का चंपाच्याच बाजूले निजीन. मंग तं झालं?" त्या एका बोलावर ती पुढचं आयुष्य जगली.

दर अखजीला, पितरांच्या अक्षय्य तृतीयेला, तो तिला दगडाकडं घेऊन जायचा. जानरावनं अखजी बंद केली, जुने सण सोडायचे म्हणाला. इंद्रभान हो म्हणाला आणि पुढच्या खेपेपासून बायकोला वैशाख पौर्णिमेला न्यायला लागला. जानराव पौर्णिमेला काय बोलणार?

"माय, हे जुनं हाय. सोड," जानराव हात जोडून म्हणाला. "पायजे तं रक्षा नेऊन तिथी दगडाखाली ठेवू."

"राखेले माह्यी पोरगी वळखीन काय?" केशरबाई म्हणाली. "तिनं बापाचं अंग पाह्यलं हाय. राख नाई पाह्यली."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इंद्रभानच्या बरोबरीचा जगदेव भिंतीशी बसला होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बुढ्यानं दोन घरची कवेलू उतरवून ठेवली आन निंगून गेला. आता फेरीन कोण?"

एरवी या बोलण्यावर सगळी वस्ती हसली असती.

शेवटी केशरबाई उठली. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चालायला लागली. म्हातारी कुदळ घेऊन निघाली म्हटल्यावर जगदेव उठला, दोन-चार गडी उठले. कुणीतरी तिच्या हातची कुदळ काढून घेतली. लेक येईपर्यंत खड्डा तरी होईल, असं जगदेव म्हणाला. जानराव मागं राहिला होता. मग तोही धावत आला.

दुष्काळाच्या साली सरकारनं रोजगाराची कामं काढली तेव्हा नाल्यावर हा तलाव झाला. खायला काही नव्हतं. गावचं गाव मातीवर होतं, कोण कुणबी आणि कोण बौद्ध हे भुकेनं विचारलं नाही. पुरुष खणायचे, बायका टोपल्यांनी माती वाहून पाळीवर, तलावाच्या बांधावर, टाकायच्या. जानराव मॅट्रिकपर्यंत शिकलेला, म्हणून त्याला मुकादम केलं होतं. केशरबाईही टोपलं वाहायची. इंद्रभान सत्तरी ओलांडलेला, तरी खंदायला यायचा. जुनी मसणवट तलावाच्या पोटात गेली. सगळ्यांची माणसं पाण्याखाली गेली. फक्त चंपाची जागा वाचली. काम संपून पाणी साठल्यावर इंद्रभान केशरबाईचा हात धरून तिला घेऊन गेला होता. पळस तुटलेला, नाला दिसेनासा झालेला, ओळखीची एक खूण उरली नव्हती. पण काठाच्या वर तो काळा चपटा दगड होता. "हे पाह्य," तो म्हणाला होता, "वाचली."

केशरबाईला याचा केवढा अभिमान! पाणवठ्यावर ती बायकांना सांगायची, सगळ्यांची गेली पण आमच्या बुढ्यानं लेकीची जागा राखली बरं. बायका खाली पाहायच्या, घागर भरायच्या. हिला वाटायचं, जळतात.

दगडापाशी येऊन तिनं बोट दाखवलं. "याच्या या अंगाले खंदा. लागून. मधात जागा ठेवू नोका."

जगदेवनं कुदळ उचलली. जानराव पुढं झाला आणि त्यानं कुदळीचा दांडा धरला.

"इथी खंदू नोका."

"काहून?" केशरबाई म्हणाली. "आता काहून? अंगणात तुह्यं आयकून घेतलं. आता बापाच्या जबानीच्या आड येतं तू?"

जानरावचं तोंड पांढरं पडलं होतं. सभांमधून खणखणीत बोलणारा माणूस, तहसीलदारासमोर न अडखळणारा, पण आईकडं त्याला बघता येईना. तो दगडाकडंच बघत राहिला.

"माय," तो म्हणाला, "इथी चंपा नाई."

केशरबाईला आधी कळलंच नाही. नाही म्हणजे काय? मेलेलं लेकरू कुठं जाणार आहे?

"हा दगड बाबानं नंतर इथी आणून ठेवला. मले गयात हात घालून सांगतलं, तुह्या मायले कळू देऊ नोको. मी हो म्हणालो. ती जागा आपल्याच टोळीच्या खड्ड्यात आली होती, माय. त्या दिवशी. बाबा तुह्यावर वराडले होते ना, त्या दिवशी."

हाच तो एकदाचा दिवस.

भर कामावर, साऱ्या टोळीदेखत, इंद्रभान खड्ड्यातून वर आला होता आणि त्यानं केशरबाईच्या डोक्यावरचं टोपलं हिसकावून फेकलं होतं. "जाय घरी! इथी दिसू नोको मले! जाय म्हणतो ना!" असा ओरडला होता की पलीकडच्या टोळीतल्या बायका बघायला थांबल्या. काय चुकलं तिचं? तिला आजतागायत कळलं नव्हतं. ती लाजेनं काळीठिक्कर पडून घरी आली होती. आणि संध्याकाळी तो आला तेव्हा त्याला मान वळवता येत नव्हती, हात खांद्याच्या वर जात नव्हता. रोज ती त्याच्या मानेला तेल चोळायची. त्या दिवशी तिनं भाकरी पुढं सरकवली आणि पाठ फिरवून बसली. तो वाकड्या मानेनंच जेवला.

"काई सापडलं?" तिनं विचारलं.

"नाई, माय. मातीच होती. काळी, मऊ माती. बाबानं त्या खड्ड्याले कोणाले शिवू देलं नाई. खंदली बी त्यायनंच आन वाह्यली बी त्यायनंच, दिवसभर. मी मुकादम. मी उभ्यानं पाहत राह्यलो."

"कोठी टाकली?"

जानरावनं मान वर न करता हात केला. पलीकडं तलावाची पाळ उन्हात आडवी पडली होती.

जगदेवनं कुदळ खाली ठेवली. त्याच्याही चेहऱ्यावरून केशरबाईला दिसलं, याला ठाऊक होतं. मग तिला घागरी भरणाऱ्या बायका आठवल्या. त्या जळत नव्हत्या. त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं. सगळ्या वस्तीनं म्हाताऱ्याचं खोटं सांभाळलं होतं आणि दर वैशाख पौर्णिमेला ती एका रिकाम्या दगडाशेजारी बसून लेकीशी बोलत होती.

तिला राग आला. खरा राग. मेलेल्या माणसावर येऊ नये असा.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू झुरून मेली असती म्हणे बाबा."

"मी काहून मरीन?" केशरबाई किंचाळली. "माह्यी पोरगी होती ती! नऊ मईने पोटात वाह्यली मी तिले. टोपलंभर माती डोक्यावर नसती वाह्यली? सगळ्या गावाची माती वाहून राह्यली होती मी, आन माह्या लेकराचीच माह्या डोक्यावरून उतरवली त्यानं! तिले एकडाव उचलाले भेटत होतं मले. एकडाव!"

ती दगडावर बसली आणि मोठ्यानं रडली. सकाळपासून ती रडली नव्हती, ती आता रडली, आणि नवऱ्यासाठी रडतेय की लेकीसाठी हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जानराव तिच्या पायाशी बसून राहिला. त्यानं तिला हात लावला नाही.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जाय," ती म्हणाली. "लाकडं ओट्यावर ने."

लोकांना वाटलं, म्हातारी हरली. जानरावला तसं वाटलं नसावं, कारण तो उठला तेव्हा जिंकलेल्या माणसासारखा उठला नाही.

बेबीताई आली ती दिवस कलल्यावर. रस्त्यापासूनच तिचा टाहो ऐकू आला. ती बापाच्या पायांवर पडली, तिला बायकांनी आवरलं. वंदना झाली, त्रिशरण झालं. जानरावनं पंचशील म्हटलं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा पुढं जानराव होता, त्याच्या जोडीला जगदेव वाकला. केशरबाई गर्दीतून पुढं आली आणि तिनं जगदेवच्या दंडाला धरलं.

"सरक."

"वहिनी, काय करून राह्यल्या? बायका खांदा देत असतात काय?"

"सरक म्हणते ना. आज माह्यावरचं ओझं कोणी उतरवाचं नाई."

माणसं चुळबुळली. कुणीतरी मागून म्हणालं, म्हातारी पडेल, तिरडी कलंडेल. जानराव मागं वळला.

"देऊ द्या तिले," तो म्हणाला. "जगदेवकाका, तुमी मायच्या मांगं राहा."

केशरबाईनं खांदा दिला. बांबू गळ्याच्या हाडावर रुतला. इंद्रभान उभा जन्म भाकरीवर जगलेला, सुकलेला म्हातारा, त्याचं वजन ते काय असणार? तरी पहिल्या चार पावलांत तिचा दम उखडला. जगदेवनं मागून एक हात बांबूखाली घातला होता, पण ती 'काढ तो' म्हणाली म्हणून त्यानं काढून घेतला. बेबीताई रडत रडत आईच्या बाजूनं चालत राहिली.

स्मशानाची वाट पाळीवरून होती. पूर्वी तिरडी अर्ध्या वाटेवर खाली ठेवायचे, विसावा द्यायचे, तिथं पैसा टाकायचे, भाताचा गोळा ठेवायचे, भुताखेताच्या गोष्टी बोलायचे. जानरावनं हे सगळं बंद केलं होतं. बौद्धाच्या मैतीत विसावा नाही, उचलला माणूस की थेट ओट्यावर, असं त्यानंच बैठकीत ठरवून घेतलं होतं आणि कुणाच्या घरची मैत असो, तो ते पाळायला लावायचा. एकदोनदा त्यावरून भांडणंही झाली होती.

तिरडी पाळीवर चढली. डाव्या हाताला तलावाचं पाणी खाली गेलेलं, गाळाचा वास येत होता. केशरबाई पायाखालच्या मातीकडं बघत चालत होती. एवढी लांब पाळ. एवढ्या माणसांनी वाहिलेली माती. यात कुठं शोधायचं? विचारायचं तिच्या मनात होतं, पण छातीत श्वास पुरत नव्हता.

पाळीच्या मध्याच्या जरा पुढं जानराव आपणहून थांबला. पुढचा थांबला म्हणून सगळे थांबले. त्यानं पायानं जमीन चाचपली, एकदा मागं वळून तलावाकडं पाहिलं, जसा त्या दिवशी उभा राहून पाहत असेल तसा. मग दोन पावलं आणखी पुढं गेला.

"ठेवा," तो म्हणाला.

"कायले?" मागचा गडी म्हणाला.

"विसावा हाय. ठेवा."

तिरडी खाली टेकली. केशरबाई तिथंच, मातीवर, म्हाताऱ्याच्या उशाशी बसली. एक हात तिनं त्याच्या छातीवरच्या चादरीवर ठेवला आणि दुसरा शेजारच्या मातीवर. माती उन्हानं कोमट होती. तिच्या ओठांत काही पुटपुटणं चाललं होतं, ते शेजारी बसलेल्या बेबीताईलाही ऐकू आलं नाही. जानराव पाठमोरा उभा होता.

थोड्या वेळानं जगदेव खाकरला. दिवस पार टेकला होता.

"वहिनी, अंधार पडून राह्यला. उचलाचं काय?"

"थांब भाऊ," केशरबाई म्हणाली. "त्यायनं कबूल केलं होतं, चंपाच्या बाजूले निजीन म्हून. घटकाभर निजू दे."

जगदेव खाली बसला. मग बाकीचेही बसले.